पदवी होतेय, शिष्यवृत्तीच्या टेबलाची वही कुणाच्या हाती देऊ?

पूर्वभाग_वही

नमस्कार. मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि अभ्यासाला बसलं की डोक्यात एकच विषय घोळतो, म्हणून इथे विचारते. ज्यांनी कॉलेजात मंडळं चालवली आहेत त्यांनी कृपया सांगा.

दोन वर्षं वर्ग प्रतिनिधी आहे, यंदा विद्यार्थी मंडळाची सचिवही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) दोन वर्षं झाली. वाणिज्य मंडळाचं भित्तिपत्रक काढलं, युवा महोत्सवाला आमचा लोकनृत्याचा संघ घेऊन गेले. ही सगळी कामं आवडीनं केली, पण ती माझ्यामागे कुणीही करेल. संघाला पुढच्या वर्षी नवी मुलगी सांभाळेल, भित्तिपत्रकाला कुणीतरी लेख गोळा करेल. माझा जीव अडकलाय तो शिष्यवृत्तीच्या टेबलात, जिथे आम्ही मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करतो.

आमच्या घरी अम्मा विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पत्र्याच्या मापानं कापलेली पानं. मी दहावीला असल्यापासून संध्याकाळी तिच्याशेजारी बसून दोरा बांधते. विडी कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, हे आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बहुतेक घरांना माहीत असतं. पण अर्ज ऑनलाइन कसा भरायचा, विडी कामगाराच्या कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर काय करायचं, हे सांगायला कुणी नसतं. पहिल्या वर्षी माझा अर्ज मंजूर दिसत होता आणि खात्यात रुपया नव्हता. चार वेळा बँकेत गेले. पाचव्या वेळी एका बाईंनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवलं की माझं आधार शाळेत असताना उघडलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्याला जोडलेलं आहे आणि ते खातं वापर नसल्यामुळे बंद पडलंय. सरकारी पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाहीत, शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंय तिथे जातात. एवढी एक गोष्ट कळायला मला सात महिने लागले.

दुसऱ्या वर्षी वर्ग प्रतिनिधी झाले तेव्हा प्राचार्यांकडे जिन्याखालची जागा मागितली. प्रयोगशाळेतलं एक जुनं टेबल मिळालं, दोन बाकं आम्ही उचलून आणली. बुधवारी आणि शनिवारी ११ ते १. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे) अर्ज, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती, जे असेल ते. अर्ज आम्ही भरून देत नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतः भरते, आम्ही शेजारी बसतो. पहिल्या बुधवारी चौघं आली. महिन्याभरानं रांग जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेली.

आणि ती वही. दोनशे पानी लांब वही, निळ्या पुठ्ठ्याची. नाव, वर्ग, कोणती शिष्यवृत्ती, कोणता कागद कमी आहे, पुन्हा कधी यायचं. काम झालं की निळी रेघ.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. यंदा जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा झाली आणि त्याच आठवड्यात आमचं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर दक्षिण सोलापूरमधल्या एका गावात होतं. मी सचिव, गेलेच पाहिजे. टेबलावर बसायला दोघांना सांगून गेले. पण कुणाचा कोणता कागद अडलाय, ऑफिसात कुणाला भेटायचं, कुणाला फोन करून आठवण द्यायची, हे सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या मोबाइलमध्ये होतं. वहीत अर्धंच लिहिलेलं. कॉलेजात कागद जमा करायची मुदत त्याच आठवड्यात संपली. शिबिराच्या गावात आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या इमारतीत रेंज यायची नाही. परत आले तेव्हा सात जणांचे अर्ज राहून गेले होते. त्या दोघांनी मला अकरा वेळा फोन केला होता. सात नावं मी लाल पेनानं लिहून ठेवली आहेत. चूक त्या दोघांची नाही, माझी आहे.

आता मुद्द्याचं. माझ्यानंतर टेबल कुणी घ्यायचं? दोन नावं आहेत. एक दुसऱ्या वर्षाची मुलगी, वक्तृत्वात बक्षिसं मिळवते, प्राचार्यांपुढे न घाबरता बोलते, वर्गात शिरून सूचना दिली तर सगळा वर्ग गप्प होतो. दुसरा मुलगा, तोही दुसऱ्या वर्षाचा, कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात काम करतो, फार बोलत नाही. पण एकदा अक्कलकोटकडची एक आई मुलीला घेऊन आली होती, तिला मराठी अडखळत येत होतं. मी हातवारे करत बसले होते. हा उठला, तिच्याशी कानडीत बोलला आणि वीस मिनिटांत कळलं की रेशन कार्डावर मुलीचं नावच नाही. मंडळातले बहुतेक म्हणतात मुलीला दे, ती 'लीडर' दिसते.

दुसरं असं की मला कुणी मतं देऊन निवडलेलं नाही. वर्गात पहिली आले म्हणून वर्ग प्रतिनिधी झाले, त्यातून सचिव. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अध्यक्ष आणि सचिव थेट मतदानानं निवडायचे असं आहे, पण माझ्या तीन वर्षांत आमच्याकडे मतदान झालेलं मी पाहिलं नाही. मग मी एकटीनं वारस ठरवायचा का? मला ते पटत नाही.

तिसरं थोडक्यात. जूनपासून नोकरीच्या मुलाखती आहेत. हे काम तिथे कसं सांगू?

जुना_जीएस_९१

बेटा, मी १९९१ साली सोलापुरातच एका कॉलेजचा जनरल सेक्रेटरी होतो, मतं मागून निवडून आलेला. आम्ही गेरू आणि चुन्यानं भिंती रंगवायचो, रात्री पेठेतल्या कट्ट्यावर बसून याद्या करायचो, कुठल्या वर्गात कोण आपला. ४३ मतांनी आलो. मिरवणूक निघाली, पार्क चौकापर्यंत गुलाल. पुढे १९९४ चा कायदा आला आणि थेट निवडणुका बंद होऊन गुणांवर प्रतिनिधी घ्यायला लागले. निवडणुकांत मारामाऱ्या होत होत्या, मुंबईत तर १९८९ मध्ये एका विद्यार्थ्याचा खून झाला, हे खरं आहे. पण त्या बंदीनं जे गेलं तेही खरं आहे. मत मागायला गेलं की माणूस तुम्हाला तोंडावर सांगतो, मुतारीला दार नाही ते आधी बघा. गुणांवर आलेल्या प्रतिनिधीला हे ऐकायला कुणाच्या बाकापाशी जावं लागत नाही. तू गेलीस. टेबल मांडून बसलीस म्हणजे तू रोज ऐकत होतीस.

मतदानाचं म्हणशील तर २०१९ मध्ये तारखा लागल्या होत्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. कायद्याची वाट बघू नकोस. टेबलावर बसणारी पोरं किती? आठ-दहा असतील. त्यांना बोलव, दोघांना पाच-पाच मिनिटं बोलू दे, चिठ्ठ्या टाका. ज्यांना त्याच्याबरोबर काम करायचंय त्यांनी ठरवलं तर उद्या ते त्याचं ऐकतील. तू नेमून गेलीस तर प्रत्येक वादात 'अक्कानं तर तुला उगाच दिलं' हे निघेल.

माझ्याकडून एक चूक झाली ती सांगतो. माझ्या वर्षी आम्ही भांडून मुलींसाठी वेगळी वाचनाची खोली मिळवली. प्राचार्यांनी तोंडी हो म्हटलं, कुलूप उघडलं, आम्ही नारळ फोडला. कागदावर काही घेतलं नाही. मी पास झालो, प्राचार्य निवृत्त झाले, दोन वर्षांनी गेलो तर त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. विचारलं तर ऑफिसवाले म्हणाले, अशी कुठली खोली नव्हती. तुझी जिन्याखालची जागा लेखी आहे का?

रासेयो_कार्यक्रम_अधिकारी

मी जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवतो, रासेयोचं काम सहा वर्षं बघतो. वरच्या सरांचा लेखीचा मुद्दा सगळ्यात आधी करा. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, जागा, वार, वेळ नमूद करा, टेबल विद्यार्थी विकास विभागाच्या किंवा रासेयो एककाच्या (कॉलेजातल्या रासेयो गटाच्या) नावावर घ्या. आवक क्रमांक टाकून घ्या आणि पोच जपून ठेवा.

वारस शोधण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एका माणसाला टेबल दिलं की पुढच्या जानेवारीत पुन्हा हेच होईल, फक्त शिबिराला जाणारा बदलेल. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर झालं की प्रमाणपत्र. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी मान्य केलं तर या टेबलाचे तास नियमित कार्यक्रमात धरता येतात. आम्ही मतदार नोंदणीच्या टेबलाला तसे धरले. पहिल्या वर्षाची मुलं तासांसाठी येतात, त्यातली चार-पाच कामासाठी टिकतात. दरवर्षी एककात नवी मुलं येतातच. तुमच्या टेबलाला माणसं तिथून मिळतील, मग तुम्ही असा किंवा नसा.

आणि एक गोष्ट, थोडी कडक सांगतोय. वहीत आधार क्रमांक लिहिले आहेत का? पासवर्ड? मी अशा वह्या पाहिल्यात, ज्यात मुलींचे मोबाइल नंबर, आधार, बँक खातं, पासवर्ड, सगळं एका ओळीत असतं आणि ती वही बाकावर उघडी पडलेली असते. असेल तर हाती देण्याआधी खोडा. ओळख पटायला आधारचे शेवटचे चार आकडे पुरतात. पासवर्ड विद्यार्थ्यानं स्वतःच्या वहीत लिहायचा, तुम्ही बघायचासुद्धा नाही. वही टेबलावर राहू नये, एककाच्या कपाटात राहावी, किल्ली दोघांकडे.

सात मुलांचं. त्यांना भेटलात का?

होटगी_रोड

अक्का, मी दुसऱ्या कॉलेजात आहे, पहिल्या वर्षाला. आमच्याकडे असलं टेबल नाही. माझा पण अर्ज 'मंजूर' आहे आणि पैसे नाहीत. तुमचं वाचून आज आधारच्या वेबसाइटवर बँक जोडणी बघितली, तर आजोळच्या गावातल्या बँकेचं नाव आलं! तिथलं खातं मी विसरूनच गेले होते. आम्ही तिघी मिळून टेबल सुरू करू म्हणतोय. वहीत काय काय लिहायचं ते सांगाल का?

पूर्वभाग_वही

सर, तुम्ही विचारलंत आणि मी काल रात्री वही उघडून बसले. दुसऱ्या वर्षाच्या पानांवर ३१ जणांचे आधार क्रमांक पूर्ण लिहिलेले आहेत. नऊ ठिकाणी पासवर्डही. आम्हाला ते सोयीचं वाटलं होतं, मुलं पासवर्ड विसरतात म्हणून. मी स्केच पेननं खोडायला लागले तर मागच्या बाजूनं वाचता येत होते. मग ती पानं फाडली, कामाची माहिती नव्या पानांवर उतरवून घेतली आणि फाडलेली पानं चुलीत घातली. त्या नऊ जणांना आज पासवर्ड बदलायला सांगितलं.

वही मोजलीही. दोन वर्षांत २१२ नावं. १६८ जणांचे पैसे खात्यात आले, त्यांच्यापुढे निळी रेघ आहे. ३७ अजून कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर. ७ लाल.

सातांपैकी चौघांना मी भेटले होते, तिघांना नव्हते. खरं सांगायचं तर धीर झाला नव्हता. आज त्या तिघांना फोन केला. एक जण म्हणाला, अक्का, पुढच्या वर्षी भरू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एकीनं फोन उचलला नाही. तिसरीनं फी भरायला टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायचं काम धरलंय, सकाळचं कॉलेज बुडतं तिचं. तिच्यासाठी मी ऑफिसात फीचे हप्ते मिळतात का विचारायला सोमवारी जाणार आहे. मुलाखतीत हे सांगायचं की लपवायचं, तेच मला कळत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

मी अक्कलकोट रोडचा, आता पुण्यात एका कंपनीत भरतीचं काम बघतो. वर्षभरात पदवीधर मुलामुलींच्या कितीतरी मुलाखती घेतो. लपवू नकोस. तेच सांग.

माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं म्हणतात, 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत, मी टीमवर्क करते.' त्यावर मी विचारतो, काय केलंस? तिथे बोलणं अडतं. अर्जावर पाच पदं असतात आणि एकाही पदाची गोष्ट सांगता येत नाही. तुझ्याकडे गोष्ट आहे. अर्जात पदांची माळ लावू नकोस, सचिव आणि वर्ग प्रतिनिधी एका ओळीत उरक. त्याखाली लिही: शिष्यवृत्ती मदत टेबल सुरू केलं, दोन वर्षं चालवलं, २१२ विद्यार्थी, १६८ जणांना रक्कम मिळाली. तुझा हा आकडा वहीतून मोजलेला आहे, तो कुणी खोदून विचारला तरी हलणार नाही.

मग कुणीतरी विचारेलच, अडचण काय आली. तेव्हा जानेवारीचा आठवडा सांग. माहिती माझ्या एकटीकडे होती, मी गावाला गेले, सात अर्ज राहिले. त्यानंतर काय बदललं ते सांग, आणि बदललं असेल तरच सांग. 'सगळं छान झालं' असं सांगणाऱ्या माणसाला मी हिशेबाच्या खात्यात घ्यायला कचरतो, कारण हिशेबात चूक होतेच, ती कोण दाखवतं ते मला बघायचं असतं.

इंग्रजीची भीती असेल तर ही गोष्ट आधी मराठीत कुणाला तरी तीन वेळा सांग. घरी तेलुगू बोलता ना, अम्माला तेलुगूत सांग. तिला कळली की नीट सांगता आली असं समज.

पूर्वभाग_वही

झालं ते लिहिते, कारण सगळ्यांनी वेळ काढून सांगितलं.

शनिवारी टेबल बंद झाल्यावर आम्ही नऊ जण थांबलो. चिठ्ठ्या टाकायच्या आधी त्या वक्तृत्ववाल्या मुलीनंच हात वर केला. म्हणाली, मला बोलायला येतं, पण मी आजवर तीन वेळाच टेबलावर बसले आहे, वही त्याच्याकडे द्या, ऑफिसात आणि प्राचार्यांकडे जायचं काम मला द्या. मी तिच्याबद्दल आधी फार घाईनं मत केलं होतं. चिठ्ठ्या तरीही टाकल्या. त्या मुलाला सात, तिला दोन. त्या दोन्हींतली एकही तिनं स्वतःला दिलेली नाही, हे तिनंच सांगितलं आणि सगळे हसले.

वाटणी अशी झाली की बुधवार त्याचा, शनिवार तिचा, आणि दोघांनी एकमेकांच्या दिवशी निदान अर्धा तास बसायचं. प्राचार्यांच्या नावाचा अर्ज तिनंच लिहिला, आवक क्रमांकासह पोच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. आमचे कार्यक्रम अधिकारी टेबलाचे तास धरायला तयार आहेत. टॉवेल कारखान्यात जाणाऱ्या मुलीला फी तीन हप्त्यांत भरायची परवानगी मिळाली, पण सकाळच्या तासांचा प्रश्न तसाच आहे. फोन न उचलणारी अजून सापडली नाही, तिच्या वर्गातल्या मुलीला निरोप दिलाय.

अम्माला गोष्ट सांगितली. ती विड्या मोजत होती. पंचवीसचा कट्टा बांधून होईपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या सात पोरांची नावं सांग. मी सातही सांगितली, न बघता.

होटगी_रोड, तुझ्यासाठी रकाने. तारीख, नाव, वर्ग, शिष्यवृत्ती कोणती, अर्ज नवा की नूतनीकरण, आधारचे शेवटचे चार आकडे, आधार कोणत्या बँकेला जोडलंय, कोणता कागद कमी आहे, तो कुठून मिळणार (तहसील, बँक, विडी कारखाना), कॉलेजची शेवटची तारीख, पुन्हा कधी यायचं. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो रकाना रिकामा दिसला की त्याच दिवशी मुलाला अर्ज करायला लाव. आणि शेवटचा रकाना 'आज कोणी पाहिलं' असा ठेव, दर वेळी बसणाऱ्याची सही घे. तिघी आहात ना, मग एकाच पानावर तिघींच्या सह्या दिसायला हव्यात.